सहा मिनिटं

सीपीआरच्या मागल्या अंगाला लांब व्हरांडा,
दोन टोकांना दोन लाल डबे,
मधे तीस मीटर फरशी.
मुल्लाणीबाई बोटाला चिमटा लावतात, म्हणतात,
"आण्णाप्पा, पळायचं न्हाई. थांबलासा तरी चालंल,
घड्याळ तेवढं थांबणार न्हाई."

पहिली फेरी सोपी. त्र्याण्णव.
दुसरीला चपलेचा आवाज मोठा होतो.
तिसरीला छातीत कुणीतरी
ओली चिपाडं कोंबायला लागतं.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर
एकवीस हंगाम मी चुलवाणापुढं बसलो.
धुराडं चोंदलं की धूर उलटा तोंडावर येतो
आणि वरून गुळव्या ओरडतो, "जाळ वाढीव!"
तसंच आत चाललंय आता.
धुराडं चोंदलेलं,
आणि काळीज आपलं मुकाट चिपाडं घालतंय,
एकशे अठ्ठावीस, एकशे चौतीस,
त्याला कुणी सांगितलंच नाही
की काहील केव्हाच उतरलीय.

सत्त्याऐंशीला बाई म्हणाल्या, थांबा.
भिंतीला पंजा टेकून उभा राहिलो,
ओठांचा चंबू करून
विझत्या विस्तवावर फुंकावं तसा
हळू, लांब श्वास सोडत.
"असंच," बाई म्हणाल्या, "कुठं शिकलासा?"

दोनशे एक्केचाळीस मीटर.
मागल्या महिन्यापेक्षा अकरा जास्त.

अकरा मीटर म्हणजे
आमच्या उंबऱ्यापासून म्हशीच्या दाव्यापर्यंत.
जाईन सरळ.
येताना मधे थांबावं लागेल,
पण म्हैस काही घड्याळ लावून बसत नाही.