दुधाचा दात

लीड्स कौन्सिलनं मला ओळखपत्र दिलं होतं.
फोटोत मी चोरासारखी, खाली हुद्दा: शॅपरोन.
मराठीत काय म्हणायचं याला?
आईला पत्रात लिहिलं, नाटकातल्या मुली सांभाळते.
तिनं उलट विचारलं, त्यांच्या आया कुठे असतात?

टॅम्सिन ओल्ड्रॉइड, वय अकरा.
हॉस्पिटलच्या मालिकेत तिला सोळा भाग मरायचं होतं,
सावकाश, जाहिरातींना जागा ठेवून.
माझं काम घड्याळाचं.
इतके तास कॅमेरा, इतके तास शाळा, मध्ये सूप.
कॅरॅव्हॅनमध्ये ती अपूर्णांक सोडवायची
नाकातली प्लास्टिकची नळी तशीच ठेवून,
आणि हातचा विसरला की
नळीलाच बोल लावायची.

चौथ्या भागात सुळा पडला.
दार उघडताना होता,
आत येताना नव्हता.
सगळं थांबलं.
कंटिन्युइटीवाल्या बाई फोटोंची चळत पिसत बसल्या,
चाळीस माणसं
एका पोरीच्या हिरडीत वाकून बघत होती.
दुपारपर्यंत नकली दात आला, अस्सल दिसणारा.
खरा तिनं माझ्या तळहातावर ठेवला,
ओला, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

"उशीखाली नको, मिसेस के.
मी आता कमावते.
परीचं एक पौंड घेतलं तर बरं दिसेल का?"
मी सांगितलं, आमच्याकडे कौलावर फेकतात,
उंदराला म्हणतात, हा घे, तुझा दे.
तिनं कॅरॅव्हॅनच्या पत्र्याकडे पाहिलं,
मग खानपानाच्या तंबूकडे.
"इथल्या उंदरांचा नको," म्हणाली.

मरून झाल्यावर गाणं आलं.
तीन मुली, नाव कुणीतरी ऑफिसात बसून ठेवलेलं,
शॅम्पूच्या बाटलीला शोभलं असतं.
नवा सुळा जरा वर, जरा तिरका उगवला होता.
कंपनीनं तार बसवून दिली
आणि खर्च तिच्या खात्यावर टाकला.
शनिवारी वेकफील्डचं शॉपिंग सेंटर,
दोन सरकत्या जिन्यांमध्ये चौथरा,
एका अंगाला बुटांचं दुकान, एका अंगाला बँक.
आवाज टेपवर, ओठ ताजे.

टेप अडकली.
बाकीच्या दोघी हसत उभ्या राहिल्या, शिकवल्याप्रमाणे.
ही गात राहिली.
माइक मेलेला, उघडा गळा,
तारेमुळे स चा थोडा श होत होता.
जिन्यावरून खाली येणारा एक म्हातारा
पुन्हा वर जायच्या जिन्याकडे वळला,
तेवढंच जास्त ऐकायला.
मॅनेजरनं मात्र नंतर तिला बाजूला घेतलं.
काय म्हणाला ते तिनं सांगितलं नाही.
सूप अर्धं ठेवलं.

सोळाव्या वर्षी, जूनच्या शेवटच्या शुक्रवारी
कायद्यानं तिची शाळा सुटली,
म्हणजे माझी नोकरीही.
कार पार्कात आम्ही हात हलवला.
त्यानंतरचे तास कुणी मोजले, मला माहीत नाही.
पहिलं गाणं अडतिसाव्या नंबरापर्यंत चढलं.
दुसरं चढलं नाही.
तिसरं कपाटात राहिलं, दारावरच्या तिच्या नावासकट.

परवा रात्री साडेअकराला फोन.
संडरलंडहून, कुठल्याशा थिएटरच्या जिन्यातून.
"मिसेस के, मला आईचं काम दिलंय.
मी चोवीसची आहे!"
मुलगा केवढा, मी विचारलं.
"अकराचा. खरा आहे. त्याच्याबरोबर एक बाई असते,
सारखी घड्याळ बघते."
मग ती गप्प झाली,
आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं,
किती वाजल्यापासून उभी आहेस?
ती पलीकडे बोटांवर मोजायला लागली.
मोजणं लांबत गेलं.

थांब, म्हटलं.
शिवणाच्या खणातून फिल्मची काळी डबी काढली,
फोनपाशी धरून हलवली.
खुळखुळ.
"काय आहे?"
तूच, म्हटलं, अकराची.
पलीकडे आधी श्वास, मग हसू, बिनतारेचं.
"खरं सांगा," म्हणाली,
"टेप नाही ना ही?"