सहा इंच

माझ्या फितीचे पहिले सहा इंच तुटलेत.
झोन ऑफिसात तीनदा अर्ज दिला, नवी आली नाही.
मोजलं की सहा वजा करायचे,
एवढंच ध्यानात ठेवायचं.
उन्हात कधी राहून जातं.

मे महिना, पारा सेहेचाळीसच्या वर.
सकाळी पारडीला निर्मला शेंदरेकडे:
दहा बाय दहाची खोली, मागे टिनाचं न्हाणीघर.
तिनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला,
मग ट्रंकेतून रुमाल, रुमालातून सहाशे चाळीस.
"पावती पक्की द्या वो बाई,
मागच्या सालची पांढरी पडली."
मी दिली.
तिनं ती गॅसच्या पुस्तकात ठेवली
आणि पुस्तक पुन्हा ट्रंकेत.

दुपारी रामदासपेठ. कोलारकरांचा बंगला.
गेटवर माझं नाव, वेळ, चपलेचा रंगसुद्धा
चौकीदारानं वहीत लिहून घेतला.
आमच्या रजिस्टरात त्यांचा पोहण्याचा तलाव
'पाण्याची टाकी' म्हणून आहे, बारा वर्षांपासून.
हॉल साठ फुटी, फीत अर्ध्यातच संपली.
मार्बलवर खडूनं खूण केली
तर पोऱ्यानं ती लगेच पुसून टाकली.
पुन्हा पहिल्यापासून.

माणूस वाईट नाही. खुर्ची दिली,
संत्र्याचा गार रस दिला,
आणि न विचारता सांगत गेला:
"ताई, चारशे लोक पोटाला लावलेत हिंगण्यात.
सरकार अजून कापणार असेल तर
कारखाना रायपूरला नेतो.
मग कोणाकडून वसूल कराल?"

त्या चारशेत माझा दीर आहे.
त्याच्या पोरीची फी जूनमध्ये भरायची आहे.
म्हणून हा प्रश्न मी सहज झटकू शकत नाही.

पण मला हेही माहीत आहे
की बंगला कंपनीचा, गाड्या कंपनीच्या,
कुत्र्याचं मटणसुद्धा 'सुरक्षा खर्चा'त,
आणि साहेब स्वतः, कागदावर,
आमच्या हेडक्लार्कइतकेच कमावतात.
गेल्या दिवाळीत कळमन्याचं गोदाम पेटलं
तेव्हा धावला तो बंब पालिकेचा होता.
त्याच्या डिझेलमध्ये शेंदरेबाईचा रुमाल होता,
थोडासा. त्यांचा किती होता
ते मी रजिस्टरात पाहिलंय.

मला विचाराल तर त्यांनी जास्त द्यावं.
बरंच जास्त.
हे मी त्यांना म्हटलं नाही.
मी म्हटलं, रस छान आहे.

रात्री कूलरसमोर आकडे उतरवताना दिसलं:
पारडीत सहा वजा करायचे राहिले.
रामदासपेठेत केले होते, दोनदा तपासून.
गालिच्यावर उभं राहून चुकायची
माझी हिंमत होत नाही.
दहा फुटांना अर्धा फूट जड पडतो,
दोन्ही बाजूंनी तर फारच:
पुढच्या वर्षी तिला पासष्ट रुपये जास्त.
साठ फुटांत अर्धा फूट
म्हणजे एका कुंडीचीही जागा नाही.
साहेबांना फोन केला. ते म्हणाले,
फीत सगळ्यांना सारखीच आहे ना,
मग तक्रार कसली? झोपा.

सकाळी पुन्हा पारडी.
मला पाहून ती दारातच थबकली.
"आता काय वाढवता?"
"कमी करते," म्हटलं.
असं तिला आजवर कोणी म्हटलेलं नसावं,
ती माझ्या हाताकडेच पाहत राहिली.
मग पदर खोचला, फितीचं टोक घेतलं,
भिंतीला लावून अंगठ्यानं दाबलं,
आणि वाकून आकडा वाचला.

"बाई, हे तं सातापासून सुरू होऊन राहिलं.
पहिले सहा कोनाकडे गेले वो?"