समस्त

पारोळ्याच्या बसस्टँडमागे, झेरॉक्स आणि ज्यूस सेंटरच्या मधल्या गाळ्यात
मी लग्नपत्रिका जुळवते.
गिऱ्हाईक आधी दर विचारत नाही, विचारतं :
कोनी पोर शे वं तू?
मी आप्पांचं नाव सांगते, मग गावाचं, मग आजोळाचं,
तेव्हा कुठे माणूस खुर्चीवर टेकतो.

थोरल्यांची नावं चौदा पॉइंटात,
चुलत्यांची अकरा.
जावयाच्या नावापुढे नोकरी; विसरलं तर भांडण.
लहानग्यांची नवात, सगळ्यात खाली :
आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!
मीही होते तिथे एकेकाळी,
दोन स्वल्पविरामांच्या मध्ये,
पेढा मिळाल्यासारखी खूश.

काल बहादरपूरचे भिकन नाना प्रूफ घेऊन आले.
लाल पेनची एकच रेघ.
'गुणवंत' काढ, म्हणाले.
का, ते सांगितलं नाही. सुरतेचं कोर्ट मॅरेज
सगळ्या तालुक्याला पाठ होतं.
कॉलेजात तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
वहीच्या शेवटच्या पानावर नुसत्या सायकली काढायचा.

सात वेळा बटण दाबलं मी,
सहा त्याच्यासाठी, एक स्वल्पविरामासाठी.
मागची नावं एकेक पाऊल पुढे सरकली
आणि जागा उरलीच नाही.
'आता बरोबर,' नाना म्हणाले.
चष्मा पुसला, परत पुसला,
बराच वेळ उठले नाहीत.

शटर अर्धं ओढून कोरी पत्रिका उघडली.
मधोमध लिहिलं : हर्षाली.
बहात्तर पॉइंट.
चि. नाही, सौ. कां. नाही, आप्पा नाहीत, समस्त बोरसे परिवार नाही.
खाली काय लिहावं सुचेना.
मुहूर्त? स्थळ?
कर्सर लुकलुकत राहिला
दारात वर्गणीला आलेल्या माणसासारखा.
उरलेल्या क्रीम कार्डावर एक प्रत काढली तेवढी.

घरी आई कळण्याच्या भाकरी थापत होती.
पिठाच्या हातानं तिनं कार्ड धरलं,
अक्षरावर बोट फिरवत वाचलं.
वाटलं, विचारेल : आणि आप्पांचं नाव?
तव्यावरची भाकरी करपली.
मग म्हणाली, चुलीकडेच बघत,
मना बी नावनं एक छापशी का?
लगीनना आधीनं.

तेवीस वर्षं मी या घरात.
तिचं नाव बदललं होतं
हेच मला ठाऊक नव्हतं.
पेन शोधलं, बिलाच्या पाठीवर लिहून घेऊ लागले.

पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ,
तिलाही आठवेना.