हक्कसोड

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, आणि मालवणला
दुय्यम निबंधकांच्या कचेरीत
पंख्याखाली बसून मी सही केली.
घर, माडांचे पाच गुंठे, रापणीतला दीड वाटा,
सगळं भावांच्या नावे.
'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय'
हे छापलेलंच होतं.
वहिनीने खोबऱ्याची वडी पुढे केली. गोड होती.

आज पणजीच्या डॉक्टरांनी साईलपुढे
ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
पहिल्या पानावर बारा. वाचला त्याने.
दुसऱ्या पानावरचा आठ मला भिंतीपासून दिसत होता,
शेवाळी ठिपक्यांत तांबूस, ढळढळीत.
साईल म्हणाला, तीन.
त्याच्या पुढच्या पानावर म्हणाला, इथे काहीच नाही.
डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.
जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा,
एवढं तरी काळोखात कळावं लागतं.

मी सात वर्षांची. जेटीवर वारा.
बाबा विचारतायत, "खयचो दिवो दिसता गे,
तांबडो काय हिरवो? होडी येता काय जाता?"
मी बोट रोखून सांगायची, ते मान डोलवायचे.
मला वाटे, माझी परीक्षा चाललीय.
आंबा ते नाकाने ओळखत,
आणि आईच्या हिरव्या लुगड्याला
मातकट म्हणत. ती दोन दोन दिवस
बोलायची नाही त्यांच्याशी.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे रेघा मारल्या.
बाईकडे दोन लांब धागे,
पुरुषाकडे एक लांब, एक थोटका.
बाप मुलाला थोटका देतो, मुलीला लांब.
हे म्हणाले, "आमच्यात कोणाकच नाय."
"बरोबर," डॉक्टर म्हणाले, "तुमचा या हिशोबात संबंधच नाही."
ह्यांना सुटल्यासारखं वाटलं, मग लगेच
वाईटही वाटलं असावं. चष्मा पुसत बसले.

म्हणजे बाबांकडे तो धागा एकच.
मला देण्यासारखं दुसरं त्यांच्याजवळ नव्हतंच,
आणि भावांना तो देता येत नव्हता.
आईच्या धडधाकट धाग्याआड
तो माझ्यात एकोणपन्नास वर्षं
गप्प बसून राहिला. मी हिरवं हिरवंच पाहिलं.

आणि पुढे? माझ्याकडून?
"निम्मं निम्मं," ते म्हणाले, "प्रत्येक खेपेला."

रापण ओढून झाली की वाळूत वाटे लावतात.
एक पोर समुद्राकडे तोंड करून उभं राहतं.
मागे कोणीतरी वाट्यावर बोट ठेवतं,
"ह्यो वाटो कोणाचो?"
पोर नाव घेतं. कुठल्या वाट्यात सुरमई,
कुठल्यात नुसता केंड, त्याला काय ठाऊक.
आणि काल केंड कोणाला गेला
हे आज कोणी लक्षात घेत नाही.
साईलच्या खेपेला माझ्यात
असं कोण उभं होतं पाठ करून?
वैजूच्या खेपेला?

घरी आल्यावर वैजूच बोलली.
"माझ्यात आहे का ते?"
म्हटलं, तपासता येतं. ती म्हणाली,
"नको. आधी दहावी होऊ दे."
साईल मागच्या पायरीवर बसून
बांगडे साफ करत होता. कल्ला उचलून
ताजा की शिळा, बोटाने चाचपून बघत होता.
मी एवढ्या वर्षांत
हे कधी पाहिलंच नव्हतं.

रात्री थोरल्या भावाचा फोन.
त्याला कोणीतरी सांगितलं होतं.
बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला,
डिझेलचा भाव, माडाला लागलेली कीड.
मग हळूच, "गे, बाबांचा तां
आमका कशाक नाय गावला?"
तिकडे त्याच्या अंगणात, माझ्या बालपणाच्या अंगणात,
कुणीतरी बादली ओतली. ते पाणी
पन्हळीतून जातानाचा आवाज मला ओळखू आला.
मी म्हटलं, "तां माका दिल्यानी."