बिब्ब्याच्या कुळातलं

बिब्बा ठाऊक असेल तुम्हाला,
परीट ज्याने कपड्यावर खूण करायचा.
एक ठिपका, कापड विरेपर्यंत न जाणारा.
अंगाला लागला की उततो.

काजू त्याच कुळातला.
गर गोड, पण टरफलाच्या दोन पापुद्र्यांमध्ये
काळपट तेल दबा धरून.

अंगोशेला, मोझांबिकच्या किनाऱ्यावर,
मुआनाशा अठरा वर्षं काजू फोडते आहे.
पायाने दांडा दाबायचा, हाताने दाणा फिरवायचा,
मधूनमधून बोटं राखेत बुडवायची.
राख पुरत नाही.
तेल कातडी खातं. कातडी परत येते,
पण रेषा विसरून येते.

मतदारनोंदणीच्या यंत्राने तिचा अंगठा
तीनदा नाकारला.
"पुसा आणि परत ठेवा," पोरगा म्हणाला.
तिने कापुलानाला पुसला, परत ठेवला.
काच कोरीच.
मागे उभी अतीजा फिस्सकन हसली,
मग तिचा नंबर आला.

टरफलं पूर्वी बॉयलरमध्ये जायची,
सगळ्या वस्तीचा घसा खवखवायचा.
यंदा पोत्यांत भरून कुंपणापलीकडच्या शेडमध्ये.
तिथे ओसुफो,
कोळ्याचा पोरगा, नांपुलाला शिकून आलेला,
चष्म्याची दांडी तारेने बांधलेली.
टरफलं पिळतो, तेलाची राळ करतो,
घायपाताच्या धाग्यांवर ओतून दाबाखाली तापवतो.
निघते ती फळी, काकवीच्या रंगाची.

"फळी काय, लाकडाचीपण असते," मुआनाशा म्हणाली.

तो बाहेर बोट दाखवतो.
खाजणातल्या चिखलात त्याच्या बापाची होडी,
फायबरची, कुणी परदेशी देऊन गेलेली,
वादळात उभी चिरली.
कुजत नाही, वितळत नाही,
खेकडेही बिऱ्हाड करत नाहीत तिच्यात.
ती राळ एकदा आवळली की आवळली.
सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

"आणि ही?"
"हिच्यातल्या गाठी तापल्या की हात बदलतात."
"म्हणजे सुटतात."
"सुटत नाहीत. जुना हात सोडायच्या आधी
नवा धरतात. म्हणून मोडलेली फळी
भुगा करून परत दाबली, की परत फळी."

हे तिला लगेच कळलं.
भरतीच्या पाण्यात, हलत्या होडीतून हलत्या होडीत
मूल असंच देतात.
पलीकडचीने धरलंय हे आपल्या बोटांना पटेपर्यंत
पकड ढिली करायची नाही.
तिची तिन्ही मुलं अशी पार झाली.
चौथ्याच्या वेळी लाट आली होती.
त्याबद्दल ती बोलत नाही.

दाबयंत्र उघडलं तेव्हा
ओसुफो हातमोजे शोधत होता.
तिने तोवर फळी उचललीदेखील.
तिच्या बोटांना चटका उशिरा कळतो.
कडेला, अजून मऊ होतं तिथे,
तिने अंगठा दाबून धरला.

खळगा उमटला. गुळगुळीत,
पावसाचं पाणी साचावं इतकाच खोल,
आत एकही रेषा नाही.
ती बराच वेळ बघत राहिली.

"पुढच्या वेळी तापवली की जाईल तो,"
ओसुफो म्हणाला, जणू माफी मागत होता.

"जाऊ दे की. मी कुठे चाललेय?
परत करीन."

मग पोत्याकडे वळून:
"ह्या एकाचे किती मेतिकाईश देतोस कारखान्याला?"
त्याने आकडा सांगितला.
"आणि फोडणारीला?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
डोळ्यांवर चढवला, परत काढला.
दाबयंत्र टकटक करत निवत होतं.
शिट्टी झाली. ती राखेच्या घमेल्याकडे निघाली.
दारात थांबून म्हणाली,
"तू पक्की गाठ करतोस ना रे?
मग आधी धर,
सोडायचं नंतर बघू."