उच्चारांची वही

उदगीरला, चौबाऱ्याजवळच्या दुकानात, कैयाच्या धुराखाली
अप्पांची एक वही असायची,
उधारीच्या वहीसारखीच लाल, दोऱ्याने शिवलेली.
उधारी त्यांनी कधी नीट लिहिली नाही.
ह्या वहीत मात्र तारखेनिशी:
गुरुवार, रात्री साडेनऊ, इंग्रजी केंद्र, सायकलींची शर्यत.
निवेदक म्हणाला, 'गिलॉम'.
शुक्रवारी बाई होती. 'ग्विलाउम'.
शनिवारी परत तोच,
ह्या वेळी 'विल्यम' म्हणून मोकळा झाला.

मग काटा केसभर सरकवायचा.
एकतीस मीटरवर, खरखरीच्या पल्याड,
फ्रेंच केंद्र लागायचं पाच-सात मिनिटं.
अर्थाचा पत्ता नाही, पण मधेच
तो सायकलवाला कानाजवळून निघून जायचा:
गीयोम.
अप्पा कैया खाली ठेवायचे.
'ऐकलीस? कसं लोणी लावल्यावानी म्हनलालाय.'

त्यांचं मत असं, की
फ्रेंच माणूस शब्दाचं शेवटचं अक्षर ताटात टाकून उठतो
आणि इंग्रज ते उष्टं कचाकचा चावतो.
आणि आपण?
'आपुन मधलंच गिळलालाव,' म्हणायचे,
आणि पुन्हा कुणाच्या तरी मर्फीत डोकं घालायचे.

एकदा कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून
लंडनला पत्र धाडलं:
आपले दोन निवेदक एकाच गावाला
बोल्यू आणि ब्यूली म्हणतात,
कृपया घरात एकमत करावे.
तीन महिन्यांनी कार्ड आलं.
मनोऱ्याचं चित्र, छापील आभार,
आणि वर नाव: मिस मन्मथा.
आई महिनाभर त्यांना मिसच म्हणायची.

पुढच्या हिवाळ्यात त्याच केंद्रावर
हंडरगुळीच्या बैलबाजारावर दोन मिनिटं.
दुकानात आठ-दहा जण, चहा सांगितलेला.
'हँडर-गूली,' रेडिओ म्हणाला.
सगळे हसले. अप्पा नाही.
त्यांनी वही उघडली,
समोरच्या रकान्यात खरा उच्चार
इंग्रजीत लिहायला घेतला
आणि ळ पाशी अडले.
जीभ उलटी करून टाळूला लावली,
सोडली, परत लावली.
चहा गार झाला.
तो रकाना अजून रिकामा आहे.

परवा लातूरला, डोळ्यांच्या दवाखान्यात,
छतातून यंत्रातली बाई बोलली:
'टोकन एकेचाळीस. मॅन-मॅथ हज.'
अप्पा हलले नाहीत.
'टोकन एकेचाळीस. मॅन-मॅथ हज.'
मी म्हटलं, अप्पा, तुम्हीच. मन्मथ हुडगे.
त्यांनी खिशातलं पेन चाचपलं,
औषध घातलेले डोळे छताकडे लावून
कान देऊन ऐकलं तिसऱ्यांदा.
'मी न्हाई,' म्हणाले,
'फ्रेंच दिसलालाय कोनतरी.
जाऊ दे बिचाऱ्याला आधी.'