सतरा किलो चारशे

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी बोल्ट तोलते.
परवा याच काट्यावर बेसन तोललं होतं,
खाचेत अजून पिवळं आहे.
स्टीलचा अकरा ग्रॅम, टायटॅनियमचा सहा.
पाच ग्रॅम वाचवायला साडेचार पौंड.
वहीत लिहिते, आणि पान पटकन उलटते.

शेफील्डमधल्या आमच्या गल्लीला चढ म्हणत नाहीत, कडा म्हणतात.
पोस्टमन आमच्या दारासमोर थांबतो,
रोज त्याच फरशीवर, धाप टाकत.
माझं हॉस्पिटल माथ्यावर, माझी रात्रपाळी माथ्यावर.
दुकानातली तयार सायकल तेवीस किलोंची,
चढावर अडून बसलेला रेडा.
मला टोळ हवा होता.

शेजारचे स्टॅनिफोर्थ एक्केचाळीस वर्षं भट्टीपुढे उभे होते.
भुवया गेल्या त्या गेल्याच.
अ‍ॅल्युमिनियमला ते डब्याचा पत्रा म्हणतात,
तरी संध्याकाळी चहाचा मग घेऊन तळघरात उतरतात
आणि माझ्या ब्रॅकेटवर कानस चालवतात.
त्यांच्या हातात कानस करकरत नाही, कुजबुजते.

छप्पन्न सेल, चौदा गट, प्रत्येकात चार.
निकेलची पट्टी, ठिणगी, पट्टी, ठिणगी.
नववा गट रुसला.
बाकी सगळे चार पूर्णांक एकवर, हा तीन पूर्णांक सहावर.
पंगतीत एकाच्या पानात भात पडला नाही
की सगळ्यांचे हात थांबतात, तसं.
समजूत घातली, चार्ज दिला, पुन्हा उतरला.
शेवटी कापून काढला. दोन रात्री त्यातच.

मोटार मी स्वतः भरली.
सांगलीला अण्णांच्या दुकानावर पाटी होती,
‘जळालेली मोटार भरून मिळेल’.
वेढे मोजताना ते कुणाशी बोलत नसत,
गिऱ्हाईक उभं, चहा गार.
आकडा चुकला तर शिवी नाही, काही नाही,
सगळी तार उलटी सोडायची, पहिल्यापासून.
वेग हवा तर वेढे कमी, तार जाड.
मी तीनदा सोडली.
चौथ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर म्हणाली,
तुझ्या केसांना कसला वास येतोय?
वार्निश, म्हटलं.

कायदा म्हणतो अडीचशे वॅट, ताशी साडेपंधरा मैल.
त्यापुढे ती सायकल राहत नाही.
माझी मोटार तीन हजार मागते.
म्हणजे जिच्यासाठी बांधली त्याच गल्लीत
ती चालवता येणार नाही.
हे मला पहिल्या बोल्टपासून ठाऊक होतं.
स्टॅनिफोर्थनाही होतं. दोघंही बोललो नाही.

रविवारी त्यांच्या व्हॅनमध्ये घालून ब्रॅडफील्डला नेली,
एनिड ब्रॉडहेडच्या शेतावर.
दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांची भिंत, मध्ये ओली वाट, वर आभाळ.
एनिड म्हणाली, मेंढ्या घाबरल्या तर बिल पाठवीन.
मी अंगठा दाबला.
पुढचं चाक उठलं,
वाट पायाखालून कुणी सतरंजी ओढावी तशी गेली,
आणि माझ्या तोंडून जे निघालं
ते ना मराठी होतं ना इंग्रजी.
मेंढ्यांनी मान वर केली, पुन्हा चरायला लागल्या.

माथ्यावर उतरून मोटारीवर तळहात ठेवला.
अण्णांची कसोटी: दहा मोजेपर्यंत हात टिकला तर तार टिकेल.
स्टॅनिफोर्थ मागून चढत आले,
बोटाला थुंकी लावून त्यांनी दुसऱ्या बाजूनं टेकवलं. चर्र.
मी सातपर्यंत गेले. आठ नाही.
‘जास्त मागितलंस,’ ते म्हणाले,
आणि हसले, जिथे भुवया असत्या तिथलं कपाळ वर करून.

सोमवारी रात्री गल्ली पायीच चढले.
सकाळी उतरताना पोस्टमन दिसला,
त्याच फरशीवर, गुडघ्यांवर हात टेकून.
तळहात अजून लाल होता माझा.
त्याच्या खांद्यावरची थैली मी नुसत्या नजरेनं तोलली.
अकरा किलो.
नाही, बारा.